आर५३ मिनीला १५ टक्क्याची पुली बसवायची आहे? पुलीचं नंतर, आधी बाकीचं बघा

मिनी कूपर एसचं २००२ ते २००६ चं मॉडेल, ज्याला सगळे आर५३ म्हणतात, त्याला टर्बो नाही, सुपरचार्जर आहे (बेल्टवर फिरून इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा ब्लोअर), आणि ही गाडी घेतलेल्या माणसाच्या डोक्यात दोन-तीन महिन्यांत त्याच्यावर छोटी पुली बसवायचा किडा वळवळायला लागतोच. माझ्याही लागला. मी इकडे ऑक्सफर्डच्या बाजूला राहतो, काउलीचा कारखाना, जिथे ही गाडी बनली, तो घरापासून जवळच आहे (इंजिन मात्र ब्राझीलहून यायचं), आणि ही माझी रोजची गाडी आहे बरं का, रविवारी पुसून बाहेर काढायची नाही. लेकीची शाळा, ऑफिस, देशी दुकानातून दहा किलो कणकेची पिशवी, सगळं हिच्यातच. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते रोज चालवायच्या गाडीसाठी आहे, ट्रॅकवाल्यांचं गणित वेगळं.

आधी पुलीने होतं काय ते समजून घ्या, कारण इथेच बरेच जण गोंधळतात. ब्लोअर आहे ईटनचा एम४५, यातला ४५ म्हणजे एका फेरीत ४५ घन इंच, साधारण पाऊण लिटर हवा. इंजिन १.६ लिटरचं, फोर स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या, इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, एका फेरीला ते ०.८ लिटर हवा ओढणार. आणि ब्लोअर क्रँकच्या साधारण दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे इंजिनाला हवी ०.८ आणि हा मागून ढकलतोय दीडच्या आसपास, मग ती हवा जाणार कुठे, तिथेच कोंडते, तेच तुमचं बूस्ट. आता ब्लोअरवरची पुली छोटी केली की तोच बेल्ट ब्लोअरला आणखी जोरात फिरवतो. पुलीवर लिहिलेले टक्के व्यासाचे असतात, वेगाचे नाही, हे लक्षात ठेवा. व्यास १५ टक्के कमी झाला की वेग १७.६ टक्के वाढतो, १७ ला साडेवीस, १९ ला साडेतेवीस.

मग १९ चीच का नको? कारण हा रूट्स टाइपचा ब्लोअर आहे, तो हवा स्वतः दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो, आणि जितका जोरात फिरवाल तितकी हवा तापते. एका हद्दीनंतर तुम्ही इंजिनाला जास्तीची हवा नाही, जास्तीची उष्णता पाजत असता, आणि वरून ब्लोअर फिरवायला लागणारी ताकदही इंजिनच्याच खिशातून जाते. कंपनीच्या स्वतःच्या जॉन कूपर वर्क्स किटमधे पुली साधारण ११ टक्केच छोटी होती आणि सोबत काम केलेलं हेड, आणि नंतरच्या किटमधे पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टरही होते. माझं मत स्पष्ट आहे, स्टॉक (कंपनीचेच) इंजेक्टर आणि स्टॉक ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर १५ ला थांबा. बूस्ट साधारण ११-१२ पीएसआयवरून १४-१५ ला जातं, पंधरा-वीस घोडे (हॉर्सपॉवर) वाढतात, आणि मुख्य म्हणजे अडीच-तीन हजार आरपीएमपासूनच गाडी ओढायला लागते. १७ ला ट्यूनिंग आणि इंजेक्टरचा खर्च आला, आणि १९ हा रोजच्या गाडीत निव्वळ हव्यास आहे.

आता पुली विकत घ्यायच्या आधीचं काम, आणि खरं सांगतो, पुली अर्ध्या तासाची आहे, जीव जातो तो यातच. या गाड्या आता वीस वर्षांच्या म्हाताऱ्या झाल्यात आणि तुम्ही म्हाताऱ्याला पळायला लावताय.

पहिलं म्हणजे क्रँकची पुली. ती एकसंध नाही, आतला भाग आणि बाहेरची रिंग यांच्यामधे रबर आहे, आणि ते रबर सुटलं की रिंग हळूहळू सरकायला लागते आणि एक दिवस बेल्टसकट निघते. हे तपासायला पैसे लागत नाहीत, पांढरा पेंट मार्कर घ्या, आतल्या भागापासून बाहेरच्या रिंगपर्यंत एक सरळ रेघ मारा, आठवडाभर गाडी चालवा आणि परत बघा. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे आतला तुकडा एकीकडे आणि बाहेरचा दुसरीकडे, तर छोटी पुली विसरा आणि आधी क्रँकची नवी घाला. माझी रेघ आठ दिवसांत जवळजवळ बोटभर सरकली होती. गाडी चालवताना काहीही कळत नव्हतं, आवाज नाही, थरथर नाही.

दुसरा बेल्टचा टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा. त्याच्यात स्प्रिंगसोबत एक डॅम्पर असतो, बाहेरून तेलकट ओला दिसत असेल तर तो गेला. जुन्या ढिल्या टेन्शनरवर छोटी पुली लावली तर वरच्या आरपीएमला बेल्ट घसरणार आणि तुम्ही मग बूस्ट कुठे गेलं म्हणून शोधत बसणार.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. या गाडीत पाण्याचा पंप ब्लोअरच्या मागच्या टोकाच्या गिअरवर फिरतो. हो, ब्लोअर पंप फिरवतो. त्या मागच्या टोकात थोडंसं तेल असतं, पुढच्या नाकाडात वेगळं, आणि कंपनीने ते कधी बदलायचंच नाही असं गृहीत धरलेलं. वर्षानुवर्षं ते झिरपून मागचं टोक कोरडं पडतं, गिअर खाऊन जातात, मग पंप थांबतो, आणि पंप थांबला की इंजिन तापून हेड गॅस्केट जातं. तुम्ही त्याच कोरड्या गिअरला १७ टक्के जास्त पळवणार आहात, विचार करा. त्यामुळे गाडीचा इतिहास माहीत नसेल किंवा लाख मैलांकडे गेली असेल तर माझा सल्ला असा की गाडीचा पुढचा भाग पुढे काढून ब्लोअर बाहेरच घ्या, दोन्ही टोकांचं तेल बदला (सुपरचार्जरचंच सिंथेटिक तेल, इंजिन ऑइल नाही), पाण्याचा पंप नवा टाका आणि पुली तिथेच टेबलावर बसवा. दोन दिवस जातात पण एकदाच जातात. जुनं तेल निघेल तेव्हा गॅरेजचं दार उघडं ठेवा, तो वास म्हणजे, असो, जेवायच्या आधी ते काम करू नका.

हे सगळं ठीक असेल आणि ब्लोअर गाडीतच ठेवून पुली बदलायची असेल तर पुढे वाचा.

हत्यारांमधे कंजुषी करायची नाही ती एकाच ठिकाणी, पुलरमधे. स्टॉक पुली शाफ्टवर प्रेस करून बसवलेली आहे, नट वगैरे काही नाही. तिला मागच्या कडेला सगळीकडून धरून सरळ बाहेर ओढणारा या पुलीसाठीचाच पुलर मिळतो, भाड्यानेही मिळतो. मी पहिल्यांदा शहाणपणा केला आणि साधा तीन पायांचा पुलर लावला. दोन पाय बसले, तिसऱ्याला जागाच नाही, तरी आवळला, तर कडेचा तुकडा टणकन उडाला आणि पुली जागची हलली नाही ती नाहीच. आणि हातोडी तर चुकूनही नको, शाफ्टवर मारलेला एकेक ठोका थेट आतल्या बेअरिंगला लागतो. त्याशिवाय टेन्शनर दाबायचं लांब दांड्याचं टूल, व्हर्नियर, टॉर्क रेंच, लाकडी फळी, दोन अ‍ॅक्सल स्टँड एवढं लागेल.

इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढा. बेल्टची बाजू म्हणजे गाडीची उजवी, इकडे यूकेत ड्रायव्हरची बाजू, तिकडचं पुढचं चाक काढा, स्टँड लावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हे परत परत सांगायला लागतं), आणि चाकाच्या आतलं प्लास्टिकचं लायनर काढा. आता बेल्ट दिसेल. फोटो काढा. मला आठवतंय असं वाटतं, पण आठवत नाही, तो बेल्ट कुठून कसा जातो ते. टेन्शनर टूलने दाबला की एका ठिकाणी भोक समोर येतं, त्यात पिन घालून तो तिथेच अडकवा, स्प्रिंग चांगलीच दणकट आहे, बोटं सांभाळा. बेल्ट काढा.

पुलीसमोर पुलर घालायला जागा पुरत नाही म्हणून त्या बाजूचं इंजिन माउंट सोडायला लागतं. कूलंटची टाकी आड येते, ती बाजूला करा. संपखाली (इंजिनच्या खालच्या तेलाच्या भांड्याखाली) फळी ठेवून त्याखाली जॅक, इंजिनाचा भार जॅकवर आला की मगच माउंटचे बोल्ट काढा, आणि जॅकने इंजिन थोडं वर-खाली करून जागा करून घ्या. फळी विसरू नका, संप काही जॅकचा टोचा सहन करायला बनवलेला नाही.

आता जुनी पुली काढायच्या आधी थांबा. शाफ्टच्या टोकापासून पुलीचा चेहरा किती आत किंवा बाहेर आहे ते व्हर्नियरने मोजा आणि हातावर लिहून ठेवा. पुली काढली की हे माप गेलं, मग नुसते अंदाज. मी अंदाजच केला होता, दीड-दोन मिलिमीटर आत बसली, चिमणीसारखा चिवचिवाट सुरू झाला आणि चाळीस मैलांत बेल्टची एक कड दोऱ्यादोऱ्यांनी सुटली.

मोजलं? मग पुलर लावा आणि हळूहळू आवळा. एक क्षण असा येतो की पान्हा हलतच नाही, आपण तुटलं म्हणून घाबरतो, आणि मग खट्ट आवाज येऊन ती सुटते, पुढे सुरळीत. शाफ्ट ब्रेक क्लीनरने पुसा, काही ओरखडा असेल तर बारीक पॉलिश पेपरचा हलका हात.

नवी पुली एक तुकड्याची असेल तर ती तापवून बसवायची. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी बसवतात, जाळात लाल करून, फुगली की चाकावर टाकायची आणि निवली की आवळून बसते, तेच तत्त्व आहे, फक्त इथे शेणकुटांऐवजी ओव्हन. २०० डिग्रीला पंचवीस-तीस मिनिटं, अर्थात पुलीसोबतच्या कागदावर वेगळं काही असेल तर ते ऐका. आमच्या घरी बायकोने विचारलं ओव्हनमधे काय ठेवलंय, मी म्हटलं पुली, ती म्हणाली कोण पुली? असो. पुली ओव्हनमधे टाकायच्या आधी साबणाने धुवा, नाहीतर मशीनच्या तेलाचा वास पुढच्या केकला येतो.

ओव्हनपासून गाडीपर्यंत तुमच्याकडे फार तर एक-दोन मिनिटं आहेत, तेव्हा वाट आधीच मोकळी करून ठेवा, जाड चामडी हातमोजे घाला, पुली सरळ धरा आणि एका दमात ढकला. तिरकी गेली तर अर्ध्यात अडकते, आणि मग परत पुलर, परत ओव्हन. माप जुळतंय का लगेच बघा, नंतर ती हलत नाही. मग हात न लावता पूर्ण गार होऊ द्या, चहा घ्या. हब वेगळं आणि रिंग वेगळी अशा दोन तुकड्यांच्या पुल्याही येतात, त्यात आधी हब बसतं आणि रिंग बोल्टने लागते, पुढे कधी आकार बदलायचा असेल तर सोपं पडतं.

बेल्ट जुनाच लावू नका. पुली छोटी म्हणजे बेल्टची वाट कमी झाली, तेव्हा किटवाल्याने सांगितलेला थोडा आखूड बेल्ट घ्या. लांब बेल्ट चढतो, गाडी सुरूही होते, पण टेन्शनर आपल्या शेवटच्या टोकाला टेकलेला असतो आणि मग पाच हजारांच्या वर बेल्ट घसरतो. बेल्टच्या सहाही रिब खोबणीत बसल्यात का ते बोट फिरवून बघा. मग पिन काढून टेन्शनर सोडा, गाडी न्यूट्रलला आणि क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने दोन फेऱ्या फिरवा. स्पार्क प्लग आत्ता काढलेले असतील तर हे सोपं जातं, आणि प्लग तसेही बदलायचेच आहेत, स्टॉकच्या बीकेआर६ऐवजी एनजीकेचे बीकेआर७, एक पायरी थंड. माउंट, टाकी, लायनर, चाक, सगळं मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

पहिल्यांदा सुरू करताना कोणालातरी आत बसवा आणि तुम्ही बेल्टकडे बघा, हात आणि बाही लांब. बेल्ट एका रेषेत पळाला पाहिजे, डुलायला नको. पहिले पन्नास-शंभर मैल निवांत चालवा. ब्लोअरची ती शिट्टी आता आणखी बारीक आणि मोठी येईल, ते नॉर्मल आहे, तेच तर आपल्याला हवं होतं. घरघर किंवा खडखड मात्र नॉर्मल नाही, तिथे थांबायचं.

गाडी तापली की आणखी एक बघा, इंटरकूलरच्या (ब्लोअरमधून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) दोन्ही बाजूंचे रबरी बूट. जास्त बूस्टने जुना चिरलेला बूट फुसकारतो, आणि बॉनेटच्या स्कूपखालची फोमची पट्टी गेली असेल तर स्कूपमधून आलेली हवा इंटरकूलरऐवजी भलतीकडेच जाते.

पेट्रोल इथून पुढे ९७ ऑक्टेन किंवा त्याच्या वरचंच. यूकेत साधं ९५ आता ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालंय, त्याच्यावर गाडी चालेल, पण नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याचे ठोके ओळखणारा) ठिणगीचं टायमिंग मागे खेचणार आणि तुम्ही कमावलेले घोडे परत जाणार. रोजच्या वापरात मायलेज फारसं पडत नाही, कारण हळू चालवताना बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो आणि ब्लोअर हवा नुसती गोल फिरवत असतो. इन्शुरन्सवाल्यांना मात्र कळवा. माझा हप्ता थोडा वाढला, पण न सांगता क्लेम फेटाळला जाण्यापेक्षा ते परवडलं. पुण्याचा मावसभाऊ विचारत होता तिकडे असं काही करता येईल का, तर आर५३ भारतात कंपनीने विकलीच नाही, मिनी तिथे आली २०१२ मधे, आणि तिथे मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे इंजिनात फेरफार करणं ही वेगळीच कटकट आहे.

पाचशे मैलांनी चाक परत एकदा काढा. बेल्टच्या आजूबाजूला काळी भुकटी साचली असेल तर अलाइनमेंट चुकलंय, आणि क्रँकवरची ती पांढरी रेघ अजून सरळ आहे का तेही बघून घ्या.