रेकॉर्डिंग कोरं येतंय? आवाज कुठे अडला ते असं शोधा

रेकॉर्डिंग कोरं आलं की लगेच कुणीतरी ड्रायव्हर, म्हणजे साउंड कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकायला सांगतं. ऐकू नका. आवाज वाटेत कुठे अडला हे कळल्याशिवाय काहीच उचकटायचं नाही.

आधी वायर. डेस्कटॉपच्या मागचं गुलाबी भोक माइकचं, निळं लाइन-इनचं, हिरवं स्पीकरचं. मिक्सर किंवा टेपरेकॉर्डर निळ्यातच जोडायचा. माइककडून काही मिलिव्होल्टच येतात, लाइनवर साधारण 0.3 व्होल्ट, त्यामुळे गुलाबीत आवाज फाटणारच. लॅपटॉपला एकच भोक असेल तर माइकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा हव्यात. दोनच असतील तर लॅपटॉप तिला हेडफोन समजतो.

आता खरी डोकेदुखी. माइक दोन ठिकाणी निवडावा लागतो, एकदा विंडोजमध्ये आणि एकदा रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये. आणि दोघांचं एकमत असेलच असं नाही. मी एकदा चांगला माइक समोर ठेवून दीड तासाची मुलाखत घेतली. पडद्यावर मीटर छान नाचत होतं. घरी येऊन ऐकतो तर पंख्याची घरघर आणि माझंच टायपिंग! सगळं लॅपटॉपच्या अंगच्या माइकने टिपलं होतं. नाचणाऱ्या मीटरवर तेव्हापासून माझा भरवसा नाही. रेकॉर्ड सुरू करून माइकची जाळी नखाने खरवडा, मग लॅपटॉपच्या पडद्याची वरची कड खरवडा. मोठा आवाज ज्याचा, तोच माइक चालू आहे. दहा सेकंदांचं काम आहे, पण दरवेळी करा. दरवेळी म्हणजे दरवेळी.

कुठलाच आवाज येत नसेल तर साउंड कंट्रोल पॅनलमधला ‘रेकॉर्डिंग’ टॅब उघडून माइकशेजारची हिरवी पट्टी बघा. बोलल्यावर हलत नसेल तर दोष वायरीत, माइकच्या बटणात किंवा म्यूटमध्ये. हलत असेल तर वायरीला हात लावू नका, दोष पुढे आहे: प्रोग्रॅममध्ये भलताच माइक निवडलाय, किंवा प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅपना माइकची परवानगी बंद आहे. ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा फुकट प्रोग्रॅम सुरू केल्यावर यूएसबी माइक लावलात तर तो यादीत दिसत नाही. ‘रीस्कॅन’ करा.

कंप्युटरवर वाजणारा आवाजच टिपायचा असेल तर ‘स्टिरिओ मिक्स’ (वाजणारा आवाज परत रेकॉर्डिंगला देणारा साउंड कार्डाचा इनपुट) शोधत बसू नका. तो सगळ्या साउंड कार्डांत नसतो, आणि असला तरी स्वतःच्या कार्डापलीकडचं त्याला ऐकू येत नाही, म्हणजे यूएसबी हेडफोन लावलात की संपलं. ऑडॅसिटीत होस्ट ‘वासापी’ (WASAPI, विंडोजचा स्वतःचा आवाजाचा मार्ग) करा आणि ज्यातून ऐकताय त्याच उपकरणाचं ‘लूपबॅक’ निवडा. हिरव्या भोकातून निळ्यात वायर फिरवण्याचा सल्लाही मिळेल. चालतं ते, पण गुणगुण फुकट पदरात पडते.

शेवटी पातळी: माइक बूस्ट (माइकचा आवाज आणखी चढवणारी सेटिंग) शून्यावर ठेवून सुरुवात करा आणि सर्वांत मोठ्याने बोललेलं प्रोग्रॅमच्या मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये बसवा.