ग्रीक लसूण सोलताना : ‘स्कोरोदोन’बद्दल लिहिताय? या चुका टाळा

लसणाच्या फायद्यांवरचा कुठलाही लेख उघडा, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात ग्रीक हजर होतातच. ‘प्राचीन ग्रीक लोक लसणाला स्कोर्दो म्हणत’, मग ऑलिम्पिकचे खेळाडू, मग ओदिसियसचं जादूचं मूळ, आणि शेवटी रोज उपाशीपोटी दोन पाकळ्या. यातल्या बहुतेक गोष्टी एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलेल्या असतात. मूळ ग्रीक वाक्यात लसूण कुठे पडलाय, हे बघण्याच्या फंदात फारसं कुणी पडत नाही.

शब्दापासूनच सुरुवात करू. ‘स्कोर्दो’ हा आजच्या ग्रीकमधला शब्द. अथेन्सच्या भाजीवाल्याकडे तो चालेल, पण इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातल्या इतिहासकार हेरोडोटसच्या तोंडी घालू नका. त्याच्या ग्रीकमध्ये शब्द आहे ‘स्कोरोदोन’, अनेकवचन ‘स्कोरोदा’. पुढे मधला ‘ओ’ झिजून ‘स्कोर्दोन’ झालं आणि शेवटचा ‘न’ही गळाला. जुन्या ग्रीकच्या कोशात ‘स्कोर्दो’ सापडत नसेल, तर कारण हे आहे. आणि देवनागरीत ‘द’ लिहा. ‘स्कोरोडोन’मधला ‘ड’ इंग्रजीच्या वाटेने आलेला आहे.

दुसरी अडचण भाषांतराची. अथेन्सचा विनोदी नाटककार एउपोलिस याच्या नाटकाच्या उरलेल्या एका तुकड्यात कुणीतरी ‘स्कोरोदांत आणि कांद्यांत’ फिरून आल्याचं सांगतो. शब्दशः मराठी केलं तर गडी लसणाच्या ढिगावरून चालत गेला असं वाटेल. अथेन्समध्ये मालाचं नाव घेतलं की तो माल विकायची जागा समजायची. आपण ‘भुसारात चक्कर मारून येतो’ म्हणतो, तसंच.

तिसरी चूक जरा घातक. ‘स्कोर्दिओन’ दिसलं की लसूण समजू नका. ती ओलसर जागी उगवणारी, चुरगळल्यावर लसणासारखा वास देणारी वेगळी वनस्पती, आजच्या वर्गीकरणात तुळशीच्या कुळातली. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या वैद्य दिओस्कोरिदेसने आपल्या औषधी ग्रंथात दोघांना वेगवेगळी जागा दिली आहे. एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर मांडले की सगळाच हिशेब बिघडतो.

‘मोली’चं तर काय सांगावं! होमरच्या ‘ओदिसी’ या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात किर्के ही जादूगारीण माणसांची डुकरं करते आणि त्यातून वाचण्यासाठी हर्मीस देव नायक ओदिसियसला मोली नावाची मुळी देतो. काळं मूळ, दुधासारखं पांढरं फूल, एवढंच होमर सांगतो. लसणाचं नाव तो घेत नाही. कांदा (‘क्रोम्युओन’) त्याच्या काव्यात आहे, ‘स्कोरोदोन’ हा शब्द कुठेच नाही. मोली म्हणजे लसूण हा नंतरच्यांचा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच लिहावा. ‘आलियम मोली’ या शास्त्रीय नावाचाही पुरावा चालत नाही. ते नाव अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या काळातलं आणि त्या झाडाची फुलं पिवळीधम्मक!

आता ते खेळाडू. लसूण खाऊन ऑलिम्पिक जिंकल्याच्या फॉरवर्डला कधी ग्रीक लेखकाचं नाव जोडलेलं असतं का, बघा. जो पुरावा खरोखर आहे, तो कोंबड्यांचा आहे. झुंजीच्या कोंबड्याला आधी लसूण चारायचे, म्हणजे तो चवताळून भिडतो असा समज. अथेन्सचा लेखक झेनोफोन याने हे नोंदवलंय. यावरून एक खास क्रियापद होतं, ‘स्कोरोदिझो’, लसूण चारून पेटवणे. इ.स.पू. 424 मधल्या ‘घोडेस्वार’ या विनोदी नाटककार अरिस्तोफानेसच्या नाटकात सॉसेज विकणाऱ्याला राजकीय भांडणाला धाडण्याआधी लसूण गिळायला देतात, का तर ‘लसूण चढला की बरा लढशील’. प्रेक्षक हसले असतील ते माणसाला कोंबडा केल्यामुळे. तेवढं वगळून त्याचा आहारशास्त्राचा सल्ला करायचा म्हणजे विनोद समजावून सांगण्यापेक्षा वाईट.

लसूण हे सैन्याच्या आणि आरमाराच्या शिदोरीतलं सामान होतं, हे मात्र खरं. आरमार निघायच्या धांदलीचं वर्णन करताना अरिस्तोफानेस लसूण, ऑलिव्ह, कांदे एका दमात मोजतो. लसणाचा वास आला की अथेन्सकराला मोहीम आठवायची.

पाककृती लिहिणाऱ्यांची चूक वेगळी. ते ‘स्कोर्दालिया’ला प्राचीन करून टाकतात. आजच्या ग्रीसमध्ये 25 मार्चला तळलेल्या कॉड माशाबरोबर जी खातात, ती बहुधा बटाट्याची असते, आणि बटाटा अमेरिकेतून आलेला. प्राचीन पदार्थ म्हणजे ‘मित्तोतोस’: लसूण, चीज, मध, तेल आणि कधी लीक नावाची कांद्याच्या पातीची जाडजूड बहीण, सगळं एकत्र कुटलेलं. ठेचा म्हणायला हरकत नाही, पण गोडसर आणि मिरचीविना. वनस्पतींवर लिहिणारा ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टस सांगतो की सायप्रसचा लसूण सगळ्यात मोठा, तो शिजवत नाहीत, मित्तोतोसमध्ये घालतात, आणि कुटताना त्याला विलक्षण फेस येतो. खलबत्त्यात लसूण घोटत तेलाची बारीक धार सोडून पाहा. पांढुरका लगदा फुगत वर येतो, तेव्हा हे वाक्य एकदम कळतं.

या मित्तोतोसवर एक अख्खा प्रसंग बेतलाय. अरिस्तोफानेसच्याच इ.स.पू. 421 च्या ‘शांतता’ नाटकात युद्धदेव भलामोठा खल घेऊन रंगमंचावर येतो आणि त्यात गावं टाकतो. लीकसाठी प्रासिआय (लीकला ग्रीकमध्ये ‘प्रासोन’ म्हणतात), लसणासाठी अथेन्सशेजारचं मेगारा, चीजसाठी सिसिली, वरून अॅटिकाचा मध. मेगाराचा लसूण नावाजलेला होता आणि स्पार्टाशी चाललेल्या युद्धात अथेन्सच्या स्वाऱ्यांनी तिथली शेतं उद्ध्वस्त झाली होती. प्रेक्षकांना ते ठाऊक होतं. मग युद्धदेव नोकराला एक ठोसा लगावतो आणि नोकर कळवळून विचारतो, ठोशात लसूण घातला होतास की काय? शेवटी कुटायला बत्ताच नसतो. अथेन्सचा बत्ता म्हणजे युद्ध पेटतं ठेवणारा पुढारी क्लेओन आणि स्पार्टाचा म्हणजे सेनापती ब्रासिदास, दोघेही आदल्याच वर्षी लढाईत मेलेले. इथे ‘लसणाची चटणी’ एवढंच भाषांतर करून पुढे गेलात, तर मेगारा हातातून निसटलं.

औषधाचं थोडक्यात. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या आहारविषयक ग्रंथात लसूण उष्ण, सारक, मूत्रल, शरीराला चांगला पण डोळ्यांना वाईट असं म्हटलंय. लेखांत पहिलं अर्धं येतं, डोळे गाळले जातात. उतरवायचं तर पूर्ण उतरवा.

शेवटची चूक, ‘ग्रीक लोक लसूण पवित्र मानत’. लसूण खाल्लेल्याला देवमातेच्या मंदिरात शिरायला मनाई होती. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. अथेनेओस या ग्रीक लेखकाने एक किस्सा दिलाय. मेगाराचाच तत्त्वज्ञ स्तिल्पोन पोटभर लसूण खाऊन खुशाल त्या मंदिरात झोपला. देवी स्वप्नात आली. तू तत्त्वज्ञ ना, मग नियम मोडायला भीती नाही वाटत? स्तिल्पोन म्हणाला, दुसरं काहीतरी खायला दे, लसूण नाही खाणार.