बाखच्या तुकड्यांतून कॉम्प्युटरकडून नवीन कोराल कसं करून घ्यायचं

कोराल म्हणजे चार आवाजांत गायचं चर्चमधलं भजन, आणि अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखने अशी शेकडो बसवली. डेव्हिड कोप मूळचा संगीतकार, कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या युनिव्हर्सिटीत शिकवायचा. १९८१ च्या सुमारास एका ऑपेराच्या कामात पार अडकला, काही सुचेचना, म्हणून लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा वापरून स्वतःच प्रोग्राम लिहायला बसला. आधी त्याने चार आवाज एकत्र कसे चालवायचे याचे नियम भरले, सूर बरोबर यायचे पण त्यात जीव नसायचा. मग त्याने बाखचेच तुकडे पाडून जोडायला घेतले आणि तिथून खरं काम सुरू झालं, म्हणून आपणही नियमांच्या वाटेला जायचंच नाही.

पायथनमध्ये म्युझिक ट्वेंटीवन (music21) ही संगीताची लायब्ररी टाका, फुकट आहे आणि बाखची शेकडो कोराल त्यातच मिळतात. सुरुवातीला फक्त मेजरमधली, म्हणजे आपल्या बिलावलसारख्या सप्तकातली घ्या आणि सगळ्यांची पट्टी बदलून सी मेजरमध्ये आणा, नाहीतर तुकडे जुळणारच नाहीत.

आता प्रत्येक कोरालचे मात्रेमात्रेने तुकडे करा. प्रत्येक तुकड्यासोबत दोन गोष्टी साठवायच्या, तो सुरू होताना चारही आवाजांत कुठले सूर आहेत ते, आणि मूळ कोरालमध्ये त्याच्या लगेच पुढची मात्रा कुठल्या सुरांवर सुरू होते ते. ही दुसरी नोंदच सगळ्यात महत्त्वाची, कारण बाखने आवाज कसा पुढे नेला ते त्यात आपोआप येतं, तुम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. मग कुठल्यातरी कोरालची पहिली मात्रा उचला, तिला ज्या सुरांवर जायचंय त्याच सुरांवर सुरू होणारा तुकडा दुसऱ्या कोरालमधून शोधा, जोडा, असं पुढे पुढे जात राहा. दुसरा तुकडा मिळालाच नाही तर मूळचाच घ्या, पण असं सलग चार-पाच मात्रा झालं तर ती बाखची सरळ कॉपी आहे, मागे येऊन दुसरी वाट धरा.

एवढं केलं तरी पहिल्यांदा ते नुसतं भरकटतं. आपल्याकडे समेवर यावं लागतं ना तसं इथे ओळ संपवावी लागते, आणि कोरालमध्ये ती जागा फर्माटाच्या, म्हणजे सूर लांबवायच्या खुणेने दाखवलेली असते, म्हणून ओळीतली पहिली, मधली की शेवटची मात्रा हेही प्रत्येक तुकड्यावर लिहून ठेवा आणि ओळीच्या शेवटी शेवटचेच तुकडे वापरा. माझ्या मते अर्धा जीव इथेच येतो.

म्युझस्कोर या नोटेशनच्या प्रोग्राममध्ये उघडून ऐका, मग एक खरं कोराल आणि एक तुमचं, नाव न सांगता कुणाला तरी ऐकवा. १९९७ मध्ये ओरेगॉन युनिव्हर्सिटीत असंच केलं होतं, तेव्हा श्रोत्यांना कोपच्या प्रोग्रामची रचना बाखची वाटली, आणि स्टीव्ह लार्सन या तिथल्या संगीताच्या प्राध्यापकाने लिहिलेली कॉम्प्युटरची.