पोकरचा कुठला प्रकार तुमचा? निवडताना या चुका टाळा

पोकरच्या टेबलावर कोरा माणूस क्वचितच बसतो. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी दारं-खिडक्या लावून जे पत्ते चालतात, त्यात प्रत्येकाचा हात कशावर तरी बसलेला असतो. कुणाचा रमीवर, कुणाचा मेंढीकोटवर, बहुतेकांचा तीन पत्तीवर. पोकरचा प्रकार निवडताना मात्र हे कुणी बघत नाही. मोबाईलवर नो-लिमिट होल्डेम (बोलीला मर्यादा नसलेला पोकरचा प्रकार) पाहिलेला असतो, म्हणून तोच मांडायचा.

आधी एक मिटवून टाकू. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे आणि घरातही पैसे लावू नयेत असंच माझं मत आहे. हे सगळं चिप्सवर, नाहीतर काडेपेटीतल्या काड्यांवर खेळणाऱ्यांसाठी.

तीन पत्तीची सवय घेऊन नो-लिमिटला बसणं

तीन पत्तीत पानं न बघता ब्लाइंड खेळण्याचा एक रुबाब असतो, आणि तो अंगात मुरतो. होल्डेममध्ये हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच. नऊजण बसले असतील तर बहुतेक डाव टाकूनच द्यायचे असतात. ज्याला हे जमत नाही त्याने खेळ बदलण्याआधी माणसं कमी करावीत. पाच-सहाजणांत जास्त हात खेळता येतात, चुळबुळ्या माणसाला तेवढं पुरतं.

दुसरी गफलत क्रमाची. तीन पत्तीत ट्रेल (तीन सारखी पानं) सगळ्यांच्या वर आणि सिक्वेन्स (ओळीची पानं) कलरच्या (एकाच चिन्हाची पानं) वर. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो आणि तीन सारखी पानं या दोघांच्याही खाली जातात. हे भिंतीवर लिहून लावा, भांडणं वाचतील.

चार पानं मिळतात म्हणून ओमाहा

सगळ्यात महाग चूक हीच. ओमाहात हातातली बरोबर दोन आणि मधली बरोबर तीन पानं धरावी लागतात. मध्ये बदामाची चार पानं पडली आणि तुमच्याकडे बदामाचा एकटा एक्का असला, तर तुमचा कलर नाहीच. चारही राजे हातात आले की माणूस हुरळतो; प्रत्यक्षात ती राजांची नुसती जोडी, आणि पाचवा राजा पत्त्यांत नाहीच. शिवाय चार पानांतून दोनच्या सहा जोड्या निघतात, त्यामुळे समोरच्याचाही हात जड असतो. होल्डेममध्ये जिंकून देणाऱ्या दोन जोड्या (टू पेअर) इथे पुष्कळदा मार खातात. सहा जोड्या झटकन नजरेत येणाऱ्यानेच इकडे यावं.

रमीवाल्याने स्टडकडे न बघणं

याचं मला खरंच वाईट वाटतं. कुणी कुठलं पान उचललं, कुठलं टाकलं, हे तासन्‌तास डोक्यात ठेवणाऱ्या मावशी-काकांना होल्डेमला बसवतात आणि त्यांची निम्मी ताकद वाया जाते. सेव्हन कार्ड स्टडमध्ये मधली सामाईक पानं नसतात. प्रत्येकाला सात पानं, त्यातली चार उघडी. जो डाव सोडतो त्याची उघडी पानं पालथी होतात. ती ज्याच्या लक्षात राहिली तो पुढे. तुम्हाला चौकटचा कलर हवाय आणि चौकटची पाच पानं आधीच पडून गेलीत, हे आठवलं की निर्णय सोपा होतो. मात्र आठजण बसवू नका. आठ सत्ते छप्पन्न, पानं बावन्नच.

हिशेब पक्का, पण छाती कच्ची

हातात दोन इस्पिक, मधल्या पहिल्या तीन पानांत दोन इस्पिक. उरलेल्या ४७ पानांत इस्पिकं नऊ. पुढच्या दोन पानांत कलर होण्याची शक्यता साधारण ३५ टक्के. हे तोंडपाठ असणाराही समोरच्याने सगळ्या चिप्स ढकलल्या की गळतो. त्याने लिमिट होल्डेम खेळावा. तिथे बोली ठरलेली असते, दमदाटीला जागा कमी.

नशीब की प्रकारच चुकला?

दहा-पंधरा डावांवरून ते कळत नाही. हरलेले डाव दोन रकान्यांत लिहा: पानं उघडल्यावर हरलात, की त्याआधीच घाबरून सोडलात. पहिला रकाना भरत असेल आणि खेळ ओमाहा असेल, तर होल्डेमला परता. दुसरा भरत असेल तर लिमिट. दोन्ही रिकामे आणि नुसत्या जांभया येत असतील, तर छत्तीस पानांचा शॉर्ट डेक मांडून बघा. दुर्री ते पंजी काढून टाकायची, हात पटापट जुळतात. फक्त बसण्याआधी सगळ्यांना सांगा, की त्यात कलर फुल हाउसला (तीन सारखी आणि एक जोडी) मारतो.