फ्रान्समधलं वर्ष संपवताना: माणसं आधी, सिमकार्ड सगळ्यात शेवटी

फ्रान्सला जायचं म्हटलं की कॅम्पस फ्रान्सची मुलाखत, व्हिसा, राहायची सोय यासाठी आपण वर्षभर आधीपासून कंबर कसतो. परतताना मात्र तिकीट काढलं, बॅगा भरल्या की झालं असं वाटतं. तसं होत नाही. मी ल्यों शहरात मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्या वर्षातला सगळ्यात दमवणारा काळ परीक्षांचा नव्हता, निघायच्या आधीचे दोन महिने होते. तुमची स्ताज, म्हणजे अभ्यासक्रमातली इंटर्नशिप, सुरू असेल आणि ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात निघायचं असेल, तर हे आत्ताच वाचा, ऑगस्टमध्ये नको.

कारण ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये कुणी नसतं. ही अतिशयोक्ती वाटेल, पण 14 जुलैची, त्यांच्या राष्ट्रीय दिनाची, आतषबाजी झाली की लोक गावाला पांगायला लागतात. प्राध्यापक, वर्गातली मुलं, बँकेतला तुमचा सल्लागार, कोपऱ्यावरचा बेकरीवालासुद्धा. विद्यापीठाची कार्यालयं काही आठवडे चक्क कुलूपबंद असतात. आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की शेजारपाजारचे भेटायला येतात, विमानतळावर सोडायला दोन गाड्या जातात. तिथे तुमचं जाणं हा तुमचा कार्यक्रम, त्यासाठी कुणी सुट्टी पुढे ढकलत नाही. त्यात दुष्टावा काही नसतो, पण आपल्याला ते लागतं, हेही खरं.

माझ्या मजल्यावर एक आजी राहायच्या. रविवारी बाजारातून येताना माझ्यासाठी कधी जर्दाळू, कधी कोथिंबिरीची जुडी आणायच्या, कारण कोथिंबीर मी किती खाते हे त्यांना जिन्यात वासावरून कळायचं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लिफ्टपाशी त्यांची बॅग दिसली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, उद्या बहिणीकडे आर्देशला चालले, सप्टेंबरला येईन. म्हणजे मी गेल्यावर. त्या संध्याकाळी घाईघाईत पोहे केले आणि त्यांच्या दारावर टकटक केली. बॅग एक दिवस आधी दिसली नसती तर तेवढंही झालं नसतं. म्हणून सांगते, ज्यांना खरोखर भेटायचंय त्यांना जूनमध्येच विचारा, तुम्ही कधीपर्यंत आहात? शिफारसपत्रं हवी असतील तर तीही तेव्हाच मागा.

एका मोठ्या पार्टीत सगळ्यांचा निरोप उरकावा, या मताची मी नाही. गर्दीत प्रत्येकाशी अडीच वाक्यं होतात. स्ताजच्या ठिकाणी मात्र निरोपाचं खाणंपिणं द्यावं लागतं, आणि ते निघणाऱ्यानेच आणायचं असतं. कुणीतरी आपल्यासाठी करेल म्हणून वाट बघत बसू नका. मी दुकानातला केक आणि घरचा चिवडा नेला. केक उरला. चिवड्यातल्या मिरच्या मात्र कडेला ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या.

आता घर. फर्निचरसकट भाड्याने घेतलेल्या घराची पूर्वसूचना एक महिन्याची असते, आणि तो महिना पत्र टाकल्यापासून नाही, घरमालकाच्या हातात पडल्यापासून मोजतात. पत्र रजिस्टर्ड, पोचपावतीसह. मालक सुट्टीवर गेला आणि पत्र पोस्टातच पडून राहिलं तर तुमची तारीख सरकत जाते. त्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा, किंवा हातात देऊन तारीख घातलेली सही घ्या. बिनफर्निचरच्या घराला तीन महिने लागतात, ल्योंसारख्या घरटंचाईच्या शहरांत एकच.

शेवटच्या महिन्याचं भाडं देऊ नकोस, डिपॉझिटमधून वळतं कर, असं सांगणारा एक तरी सीनियर तुम्हाला भेटेल. ऐकू नका. कायद्यात ते बसत नाही आणि तेवढ्यावरून मालक बाकीच्या प्रत्येक गोष्टीला नाट लावतो. एकूणच सीनियर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ज्ञानावर माझा फार विश्वास नाही. त्यातला निम्मा भाग जुन्या नियमांचा असतो आणि उरलेला त्यांच्या नशिबाचा. सेर्व्हिस-प्युब्लिक या सरकारी संकेतस्थळावर सगळं लिहिलेलं आहे, फ्रेंच अडलं तर कुणाकडून वाचून घ्या. घरभाड्याच्या शंकांसाठी आदिल नावाची संस्था आहे, तिथे सल्ला फुकट मिळतो.

घर ताब्यात देताना, राहायला आलात तेव्हाचा घराच्या स्थितीचा पाहणी अहवाल हातात ठेवा आणि ओळन् ओळ ताडून बघा. आपली अडकायची ठरलेली ठिकाणं दोन: शेगडीवरच्या हुडची जाळी, जिच्यात वर्षभराच्या फोडण्यांचं तेल गोंदासारखं बसलेलं असतं, आणि पांढऱ्या ओट्यावरचे हळदीचे डाग. जाळी काढून गरम पाण्यात भांड्याचा साबण घालून रात्रभर भिजत ठेवा. नळांवरचा आणि न्हाणीच्या काचेवरचा क्षार पांढऱ्या व्हिनेगरने जातो, ते सुपरमार्केटमध्ये अगदी स्वस्त मिळतं. अहवाल जुळला तर डिपॉझिट एका महिन्यात परत द्यावं लागतं, नाही जुळला तर दोन महिन्यांत. पैसे कापले तर बिल किंवा कोटेशन दाखवावं लागतं. उशीर झाला तर दर सुरू झालेल्या महिन्यामागे भाड्याच्या दहा टक्के रक्कम मालकाने वर द्यायची.

इथपर्यंत मी सगळं शहाण्यासारखं केलं होतं. बँक खातं चालू ठेवलं, खात्याचा तपशील मालकाला लेखी दिला. (हे द्याच, नाहीतर काही जण चेक पाठवतात, आणि युरोचा फ्रेंच चेक पुण्यात घेऊन बसायची वेळ येते.) पैसे वेळेत जमाही झाले. अडकले ते सिमकार्डापायी.

निघायच्या दिवशी मी मोबाइलचा प्लॅन बंद केला होता, कशाला उगाच दरमहा युरो भरायचे म्हणून. घरी आल्यावर डिपॉझिट भारतात पाठवायला गेले, तर बँकेने नव्या लाभार्थ्यासाठी कोड पाठवला, माझ्या बंद पडलेल्या फ्रेंच नंबरवर. नंबर बदलावा म्हटलं, तर त्यासाठीही कोड, त्याच नंबरवर. फोन केला तर उत्तर आलं, शाखेत या किंवा आम्ही पोस्टाने नवा कोड पाठवतो. पोस्टाने कुठे? नोंदवलेल्या पत्त्यावर, म्हणजे ज्या घराच्या किल्ल्या मी परत केल्या त्या घरी. पत्ता बदलायला लॉगिन हवं, लॉगिनला कोड. दुसऱ्या बाजूला काफचं, म्हणजे घरभाड्याला मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचं, खातं आणि आरोग्यविम्याचं खातंही त्याच नंबरला आणि विद्यापीठाच्या ईमेलला बांधलेलं, आणि तो ईमेल कधीतरी बंद होणारच. शेवटी सहीचं पत्र, पासपोर्टची प्रत, सल्लागार सुट्टीवरून परत येण्याची वाट, असं करत पैसे मिळाले. सगळे मिळाले, बुडाले काही नाहीत. पण त्या काळात मी फार चिडचिडी झाले होते आणि घरच्यांनी ते सोसलं.

तेव्हा क्रम पाठ करा. निघायच्या महिनाभर आधी बँक, काफ, विमा, कर या प्रत्येक खात्यात स्वतःचा कायमचा ईमेल घाला. बँकेत भारतातला पत्ता नोंदवा आणि भारतातलं खातं लाभार्थी म्हणून तिथे असतानाच जोडून दहा युरो पाठवून बघा. सिम सगळ्यात स्वस्त प्लॅनवर आणून ठेवा आणि त्यावर परदेशात मेसेज येतात याची खात्री करा. डिपॉझिट आलं, विजेचा आणि विम्याचा शेवटचा हिशेब झाला, की खातं बंद करायचं. खातं बंद करायला फ्रान्समध्ये बँक पैसे घेऊ शकत नाही. त्यानंतर सिम. त्याआधी नाही, कुणी कितीही सांगो.

काफला घर सोडल्याची तारीख तुम्हीच कळवा. घर सोडलं त्या महिन्याची घरभाड्याची मदत मिळत नाही, आणि न कळवता खात्यात आली तर नंतर परत मागतात. विजेच्या मीटरचा फोटो काढा. घराचा विमा तारखेसकट रद्द करा.

विद्यापीठाकडून उत्तीर्ण झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका निघण्याआधी घ्या. मूळ पदवी पुष्कळ महिन्यांनी तयार होते आणि ती एकदाच देतात, त्यामुळे विश्वासातल्या कुणाच्या तरी नावाने अधिकारपत्र लिहून ठेवा. भारतात पदवीच्या समकक्षतेसाठी अर्ज करताना ही सगळी चळत लागते.

आणि हो, आता परत कधी जाणं होणार, म्हणून शेवटच्या आठवड्यात रडारड करणाऱ्यांसाठी: तिथे मास्टर्स केलेल्या भारतीयांना पाच वर्षं चालणारा, पण दर वेळी थोड्याच मुक्कामाचा व्हिसा देण्याचं धोरण 2023 मध्ये जाहीर झालं आहे. मी रडले होते, तुम्हीही रडाल, पण दार बंद होत नाही.

राहिला कर. ज्या वर्षी निघालात त्या वर्षाच्या कमाईचं विवरण पुढच्या वसंतात भरायचं असतं, घरी बसून. त्यासाठी पगाराच्या पावत्या आणि स्ताजचा करार स्कॅन करा आणि मूळ कागदही हातातल्या बॅगेत आणा. वजनाची काळजी असेल तर कुकर तिथेच नव्या येणाऱ्या मुलांना देऊन टाका, शिट्टीसकट.