पेपर छापून आला, पण दखल कुठं दिसेना? या चुका टाळा

नाशिकमध्ये द्राक्षावर काम करणाऱ्याचा जनुकांवरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आला की पीडीएफ आधी व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. कॉलेजचा ग्रुप, निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांचे ग्रुप, सोयऱ्याधायऱ्यांचेही. अभिनंदनाचे अंगठे ढिगाने येतात, पण पेपरच्या पानावर अल्टमेट्रिकचं, म्हणजे पेपरची ऑनलाइन दखल मोजून स्कोअर देणाऱ्या सेवेचं, रंगीत कडं काही उमटत नाही. मग ‘साइट बिघडली’ अशी तक्रार.

साइट ठणठणीत असते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खासगी गप्पा अल्टमेट्रिकला दिसतच नाहीत. ते माग काढतं डीओआयचा, म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळख क्रमांकाचा, नाहीतर पेपरच्या पानाच्या लिंकचा. पीडीएफ खुशाल पाठवा, पण सार्वजनिक पोस्टमध्ये डीओआयची पूर्ण लिंक हवीच. पहिल्या पानाचा फोटो किंवा जर्नलच्या होमपेजची लिंक चालत नाही. वार्ताहरालाही वेब आवृत्तीत ही लिंक टाकायला बजावून सांगा. नाहीतर ‘नाशिकच्या संशोधकांचे यश’ या मथळ्याखाली सगळ्यांची नावं येतात, आणि पेपर नेमका कोणता हे वाचकालासुद्धा कळत नाही.

एकाच खात्यावरून रोज तीच पोस्ट टाकूनही फायदा नाही, एका पेपरसाठी ते खातं एकदाच मोजलं जातं. मेंडेली या संदर्भ साठवण्याच्या अ‍ॅपवरचे वाचक दिसतात, पण स्कोअरमध्ये धरत नाहीत. पेपर आधी बायोआर्काइव्ह या छपाईपूर्व पेपरांच्या साइटवर टाकला असेल तर तिथल्या आवृत्तीचा डीओआय वेगळा असतो. छापून आल्यावरही जुनीच लिंक फिरवत राहिलात, तर दखल दोन ठिकाणी वाटली जाते.

सगळ्यात महागात पडते ती आकड्याला दर्जा समजण्याची चूक. जून २०१९मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये सीसीआर५ जनुकावर पेपर आला. या जनुकातला एक बदल आई-वडील दोघांकडून मिळालेल्यांना लवकर मृत्यूचा धोका २१ टक्क्यांनी जास्त, असा त्याचा दावा होता. बातम्या जगभर झाल्या. मुळात ज्यावर तो आधारला होता त्या यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्य-जनुकीय साठ्याच्या माहितीत त्या बदलाची नोंदच सदोष निघाली आणि ऑक्टोबरमध्ये पेपर मागे घ्यावा लागला. गंमत अशी, की चूक दाखवणाऱ्या पोस्टही स्कोअर वाढवतातच. कौतुक आणि टीका यांत स्कोअर फरक करत नाही.

तेव्हा कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढती योजनेच्या, फाइलीत नुसता आकडा चिकटवू नका. कड्यावर क्लिक करा, कुणी काय म्हटलंय ते वाचा आणि एखाद्या धोरणपत्रात किंवा पेटंटमध्ये उल्लेख सापडला, तर तो पान क्रमांकासकट लिहा.