नकाशा काढायला जाताय? खडू खिशातून काढा आणि देऊन टाका

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) संपत आलेली पोरं विचारतात, दादा पीआरएला, म्हणजे लोकांनीच आपल्या गावाचा नकाशा, माहिती मांडायच्या कामाला, गावात गेल्यावर नेमकं करायचं काय? ही पद्धत जगभर पोचवणारा रॉबर्ट चेंबर्स वाचलेला असतो, नोट्स पाठ असतात, पण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडच्या एखाद्या गावात पारापुढं उभं राहिलं की घशाला कोरड पडते. माझीपण पडली होती.

पहिल्या गावात मी हुशारी केली. सॅटेलाइट इमेजची भली मोठी प्रिंट नेली. लोकं जमली, जो तो आपलं पत्र्याचं घर शोधतोय, फोटो काढतोय, अर्धा तास मजेत गेला आणि हाती काहीच लागलं नाही, कारण सगळं आधीच छापून आणलेलं, मग त्यांनी सांगायचं काय?

पुढच्या गावात प्रिंट बॅगेतच ठेवली. मारुतीपुढची जागा झाडून घेतली, रांगोळी आणि खुणांसाठी वाटीभर चिंचोके ठेवले, आणि गप्प बसलो (हे सगळ्यात अवघड). एका आजोबांनी आधी ओढा ओढला. उत्तर दिशा वगैरे विसरा, लोक वरलं अंग, खाललं अंग असंच सांगतात, दिशेचा बाण आपण नंतर टाकायचा.

पुरुषांनी बोअर, बंधारे, सोसायटी सगळं दाखवलं. बायकांचा गट दुपारी वेगळा बसवला, वेगळाच बसवा, सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही. तर पुरुषांच्या नकाशात वस्तीवरचा हापसा चालू होता, आणि इथं एका वहिनीनं त्याच्यावरचा चिंचोका उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, "पाणी येतंय की, पण मचूळ हाय, डाळ शिजत न्हाई त्यात." ही गोष्ट कुठल्याच सॅटेलाइटला दिसत नाही!

दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन शिवारफेरी करा, मोबाईलवर जीपीएस पॉइंट घ्या, चार-पाच मीटर इकडंतिकडं होणारच. मग घरी क्यूजीआयएसमध्ये टाका, हे कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, महिन्याभरात हात बसतो. केंद्राच्या अटल भूजल योजनेत (जमिनीखालचं पाणी जपायची योजना) सोलापूर जिल्हा होता आणि तिथं गावाचा पाण्याचा ताळेबंद लोकांसोबतच मांडायचा असायचा, त्यामुळं लोकांत बसणं आणि कॉम्प्युटरवर नकाशा, दोन्ही जमणाऱ्या पोरांना बरं काम मिळालं.

वेळ बघून जा राव. ज्वारीच्या काढणीत कुणी बसत नाही, आषाढीला पंढरपूरच्या आसपास तर विचारूच नका. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं कन्नड येणारा माणूस सोबत पाहिजेच. गायरानावर कुणाचं घर, कुणाची जमीन असलं काही नकाशात आलं तर तो कागद ऑफिसात द्यायच्या आधी त्याच लोकांना विचारा, मी एकदा न विचारता दिला होता, त्या वस्तीवर परत कुणी मला चहा विचारला नाही.

आणि फोटो लगेच काढा. आमचा पहिला रांगोळीचा नकाशा मी चहाला उठलो तेवढ्यात शेळ्यांनी तुडवला, चिंचोके पोरांनी खिशात घातले, आजोबा मात्र शांत, म्हणाले "बसा, परत काढू", आणि दुसऱ्या वेळी पहिल्यांदा राहून गेलेली एक बुजलेली विहीर त्यांना आठवली.